मित्राने प्रार्थनेनंतर फिटच्या गोळ्या बंद केल्यात, शुक्रवारी साक्ष द्यायची (देवाने बरं केलं असं सगळ्यांसमोर सांगायचं) म्हणतोय. काय करू?

सीनाकाठची

जय ख्रिस्त सगळ्यांना. पोस्ट लांबणार आहे, पण चार दिवस धड झोप नाहीये आणि इथल्या बऱ्याच जणांनी कॉलेजमधले प्रेयर ग्रुप आतून बघितलेत म्हणून इथेच विचारतेय.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, मूळची नगरची. आमचा ग्रुप वीस-बावीस जणांचा, दर बुधवारी प्रॅक्टिकल संपलं की कोणाच्या तरी फ्लॅटवर बसतो, गाणी, वचन, मग एकमेकांसाठी प्रार्थना, नंतर चहा. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन पोरं येतात तेव्हा त्यांना रूम बघून देणं, मेस लावून देणं, सेकंडहँड ड्रॉइंग बोर्ड मिळवून देणं असली कामं आम्ही करतो आणि मनापासून करतो, कोणी नंतर मीटिंगला आलं तर आनंद, नाही आलं तरी ओळख राहतेच. मी स्वतः अशीच आले यात, फर्स्ट इयरला होस्टेलच्या जिन्यात रडत बसले होते आणि एका सिनियर ताईने काही न विचारता डबा पुढे केला होता.

तर हा मुलगा सेकंड इयरचा आहे, मराठवाड्यातला, घरी वारकरी, गळ्यात माळ अजूनही आहे. नोट्ससाठी ओळख झाली, मग गाण्यांसाठी यायला लागला. आवाज असा आहे की बाकीचे सगळे गप्प होतात. आम्ही नारायण वामन टिळकांचे अभंग पेटीवर म्हणतो ना, ते ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, ताई हे तर आमच्याच चालीतलं आहे. तेव्हापासून मला ताईच म्हणतो.

त्याला आठवीपासून फिट येतात. सकाळ-संध्याकाळ गोळी. दोन आठवड्यांपूर्वी बाहेरून एक वक्ते आले होते, आरोग्यासाठी प्रार्थना म्हणून रात्रभराची मीटिंग होती आणि त्या दिवशी उपासही होता. मत्तय १७ मधला फेफरं येणाऱ्या मुलाचा भाग वाचला, मग याला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवले, आम्ही सगळे मोठ्याने प्रार्थना करत होतो. पहाटे तीन-साडेतीन झाले असतील. तो थरथरायला लागला, खाली पडला, आणि ते म्हणाले की बघा, सुटला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. नंतर त्याला सांगण्यात आलं की आता गोळी घेतलीस तर देवाला खोटं ठरवल्यासारखं होईल.

दुसऱ्या दिवशी त्याने गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. ताई ही तुझ्याकडे ठेव, साक्ष देताना दाखवायची आहे. दहाच्या पट्टीतल्या सात गोळ्या शिल्लक आहेत. माझ्या पेन्सिल पाऊचमध्ये आहे ती, रोज कंपास काढताना हाताला लागते. आज अकरावा दिवस.

शुक्रवारी आमचा ओपन प्रोग्रॅम आहे, सगळ्या ब्रँचच्या पोरांना बोलावलंय, त्यात त्याची साक्ष आहे. मी लीडर दादाशी बोलायचा प्रयत्न केला तर म्हणाला, शंका पेरू नको, अकरा दिवस झाले ना, काही झालं का त्याला? खरंच काही झालेलं नाही. मग मी कोण बोलणारी? पण माझी आजी बूथ हॉस्पिटलमध्ये नर्स होती, रोज ड्यूटीला जायच्या आधी गुडघे टेकायची आणि मग जाऊन पेशंटला वेळच्या वेळी औषध द्यायची, हे बघत मी मोठी झाले, त्यामुळे आत काहीतरी टोचतंय. त्याच्या घरी सांगावं तर तो मीटिंगला येतो हेच घरच्यांना माहीत नाही. मी विश्वासात कमी पडतेय का? आणि त्याला नक्की काय म्हणू?

मिरजकर_डॉक्टर

अगं बाळा, शुक्रवारची वाट बघू नकोस. आज, म्हणजे हे वाचल्यावर लगेच.

मी फिजिशियन आहे, मेंदूचा स्पेशालिस्ट नाही, पण शिकलो वेल्लोरला आणि गेली बरीच वर्षं खेड्यातल्या मिशन हॉस्पिटलमध्ये आहे, फिटचे पेशंट आठवड्याला येतातच. फिटची गोळी एकदम बंद करणं हे बीपीची गोळी एक दिवस विसरण्यासारखं नसतं. एकदम सुटली की फिट परत येऊ शकतात, कधी एकामागून एक येतात, मधे शुद्धच येत नाही, आणि अशा वेळी जीव जाऊ शकतो. घाबरवायला सांगत नाहीये, असे पेशंट मी अॅम्ब्युलन्समधून उतरवून घेतलेत.

अकरा दिवस काही झालं नाही याने काहीच सिद्ध होत नाही. त्याला विचार की गोळी चालू असताना शेवटची फिट कधी आली होती. समजा वर्षभरापूर्वी आली असेल, तर ते वर्ष गोळीने दिलंय, आणि ज्याला आधीच वर्षवर्ष फिट येत नाही त्याला अकरा दिवस आली नाही याचा अर्थ काय लावणार? गोळ्या बंद होतच नाहीत असंही नाही हं. साधारण दोन वर्षं एकही फिट आली नाही तर डॉक्टर विचार करतात, मग महिनोन्महिने थोडी थोडी कमी करत नेतात. जगभरातल्या अशा पेशंटपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक नीट निदान आणि औषध मिळालं तर फिटशिवाय जगू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे याची गाडी बहुतेक रुळावर होती.

एक अजून. तू लिहिलंयस की पहाटे तीन-साडेतीनला तो थरथरला आणि पडला. पोटात काही नाही, रात्रभर जागा, बंद खोलीत मोठा आवाज. झोप मोडणं हे फिट येण्याचं सगळ्यात सरळ कारण. मी तिथे नव्हतो, पण तुला आठवून बघायला सांगतो: डोळे उघडे होते का, हाक मारल्यावर ओ देत होता का, जीभ किंवा ओठ चावला गेला होता का, आणि नंतर किती वेळ गोंधळलेला होता?

पट्टी त्याला परत दे, पण स्वतःच्या अंदाजाने चालू करायला लावू नकोस. काही गोळ्या, उदाहरणार्थ लॅमोट्रिजिन, बरेच दिवस सुटल्या तर परत एकदम पूर्ण डोस देत नाहीत, अंगावर वाईट पुरळ उठू शकतं. म्हणून त्याच्या डॉक्टरला आजच फोन, किती दिवस सुटली ते खरं सांगायचं, ते म्हणतील तसं. ते मिळाले नाहीत तर जवळच्या हॉस्पिटलात जायचं. तोपर्यंत गाडी चालवायची नाही, पोहायला नाही, बाथरूमला आतून कडी नाही.

आणि त्याच्या रूममेटला हे सांगून ठेव. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, चष्मा काढायचा, दाबून धरायचं नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यातलं काही लागत नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली तर १०८.

विश्वासाचं मग बोलू.

सीनाकाठची

डॉक्टरकाका, तुमचा रिप्लाय वाचून मी गॅलरीत जाऊन बसले.

डोळे उघडे होते, वर गेलेले. नाव घेऊन हाका मारत होतो, ओ दिली नाही. ओठाला रक्त होतं, पडताना लागलं असेल म्हणून मी रुमाल दिला. आणि सकाळी रिक्षात बसल्यावर त्याने मला विचारलं होतं, ताई गाणं झालं का आपलं? गाणं बारा वाजताच झालं होतं आणि त्यानेच म्हटलं होतं. आम्हाला वाटलं आत्म्यात होता, म्हणजे पवित्र आत्म्याने भरलेला.

म्हणजे त्याला फिट येत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मी त्याच्या रूमकडे निघालेय. नंतर लिहिते.

जुना_सेल_लीडर

ताई, तू निघालीस हे वाचलं, बरं केलंस. तू परत येईपर्यंत तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहून ठेवतो, विश्वासात कमी पडतेय का त्याबद्दल.

मी नव्वदच्या दशकात कॉलेजला असताना ईयूमध्ये (इव्हँजेलिकल युनियन) होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही विद्यार्थ्यांची चळवळ आपल्याकडे १९५४ पासून आहे, विद्यार्थ्यांनीच चालवायची, आपल्या कॉलेजात आपणच साक्षीदार व्हायचं ही त्यामागची कल्पना. त्याआधी १९१२ पासून स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट होतीच. मला त्या चार वर्षांनी घडवलं, त्यामुळे कॉलेजमध्ये हे काम होऊ नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी एक चूक केली आहे आणि ती अजून उतरलेली नाही. आमच्यात एक ज्युनियर होता, पार खचलेला, जेवायचा नाही, अंघोळ नाही. मी त्याला तीन महिने वचनं पाठ करून घेत बसलो. बरं वाटत नाही म्हणाला की मी सांगायचो, अजून विश्वास धर. त्याला वाटायला लागलं की देवालाही मी नकोय. शेवटी त्याचे वडील येऊन घेऊन गेले, डॉक्टरने औषध चालू केलं, तो सावरला, आज नोकरी करतो. माझ्याशी बोलत नाही. का बोलावं त्याने.

त्यानंतर मी शास्त्र परत वाचायला घेतलं, आरोग्याबद्दलचा प्रत्येक भाग. जो मत्तय १७ तुमच्याकडे वाचला त्याच मत्तयाचा ४:२४ काढ. तिथे लोक येशूकडे कोणाकोणाला आणतात ते लिहिलंय आणि त्यात भूतग्रस्त वेगळे मोजलेत, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे. म्हणजे त्या काळीसुद्धा फेफरं म्हणजे भूतच असं सरसकट धरलेलं नव्हतं. लूक १७ मध्ये दहा कोडी (कुष्ठरोगी) येतात, येशू त्यांना म्हणतो जा, याजकांना दाखवा. तेव्हाच्या नियमाने कोड गेलं की नाही हे ठरवायचं काम याजकाचं होतं. खुद्द प्रभू तपासून घ्यायला पाठवतो आणि आपण म्हणतो तपासलं तर अविश्वास! पौलाच्या अंगातला काटा तीनदा मागूनही निघाला नाही. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. लूक तर वैद्यच.

आणि आपल्या मराठी माणसाला एवढं लांब जायचीही गरज नाही. १९०५ साली केडगावला मुक्ति मिशन आश्रमात जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, मुली रात्ररात्र प्रार्थना करत होत्या, त्याचं नाव आजही जगभर घेतात. त्या सगळ्याच्या मध्यभागी पंडिता रमाबाई. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा डॉक्टर व्हायचं मनात होतं, ते राहिलं कारण कानांनी साथ दिली नाही, ऐकू कमी येत होतं. ज्यांच्या आश्रमात एवढं मोठं आत्मिक कार्य झालं त्यांनी स्वतः ते कमी ऐकू येणं आयुष्यभर सोबत बाळगलं, आणि त्याच कमी ऐकू येणाऱ्या बाईने अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायची कोणाची हिंमत आहे? याच रमाबाईंनी १८८२ मध्ये शिक्षणाबद्दलच्या हंटर कमिशनसमोर आपल्या बायकांसाठी बाईडॉक्टर पाहिजेत असं सांगितलं होतं. प्रार्थना आणि डॉक्टर यांचं भांडण त्यांना माहीतच नव्हतं.

त्या फेफरं येणाऱ्या पोराचा बाप मार्क ९ मध्ये काय म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला हाकलून दिलं नाही. तुझी पाऊचमधल्या पट्टीची टोचणी त्याच बापाच्या जातीची आहे.

अक्षय_हडपसर

मी ख्रिश्चन नाही, बोलू का नको असं वाटत होतं, पण तो मुलगा ज्या बाजूने आलाय त्या बाजूने कोणीच बोललं नाहीये म्हणून लिहितो.

होस्टेलला असताना मला डेंग्यू झाला होता. घरचे सोलापूरहून यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत असल्याच ग्रुपच्या दोन पोरांनी माझ्यासाठी खिचडी आणली, प्लेटलेट्सचा रिपोर्ट रांगेत उभं राहून आणला, रात्री एक जण खुर्चीवर बसून झोपला. त्यांनी विचारलं प्रार्थना करू का, मी म्हटलं करा. डोळे मिटून हळू आवाजात केली, मला बरं वाटलं, खोटं का बोलू. ते आजही माझे मित्र आहेत. पण बरा झाल्यावर त्यांच्यातला तिसरा एक जण आला आणि म्हणाला की घरातले देव काढले नाहीत तर आजार परत येईल. माझी आई तेव्हा शेजारी बसून डाळिंब सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले. त्या दिवशी मी त्या ग्रुपला कायमचा राम राम केला.

म्हणून सांगतो, आजारी माणूस सगळ्यात उघडा पडलेला असतो. त्याला डबा द्या, पण तेवढ्यात त्याच्याकडून काही घेऊ नका, निर्णय तर नाहीच नाही. तो मुलगा तुमच्यात राहील की माळेसोबत राहील की दोन्ही, हे त्याला तब्येत ठीक असताना ठरवू दे.

कायद्याचं पण सांगतो कारण मी वकिलीच करतो. आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षीचा. त्यात चर्चमधल्या, देवळातल्या, दर्ग्यातल्या साध्या प्रार्थनेला हात लावलेला नाही, जोवर कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही तोवर. पण माणसाला भूत लागलंय म्हणून त्याचा छळ करणं, साप-कुत्रा-विंचू चावल्यावर औषधोपचार अडवून मंत्रतंत्र करणं हे त्यात गुन्हा म्हणून आहे. याशिवाय १९५४ चा जुना केंद्रीय कायदा आहे, ठराविक आजार औषधाने किंवा दैवी उपायाने बरे करतो अशा जाहिरातींवर बंदी घालणारा, आणि त्या आजारांच्या यादीत फेफरं आहे. तुमच्या शुक्रवारच्या पोस्टरवर आजार बरे होतील असं काही छापलं असेल तर आजच काढा. पण ताई, मी हे केस करायला सांगत नाहीये. तुझ्या लीडरला वचनाने पटत नसेल तर निदान याने थांबेल.

कृपेची_लेक

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका.

माझ्या मिस्टरांची दारू प्रार्थनेने सुटली. चौदा वर्षांची दारू. मंडळीतल्या बायका आमच्या घरी सलग एकवीस दिवस संध्याकाळी येत होत्या, चटई टाकून बसायच्या, ते आत खाटेवर शिव्या देत पडलेले असायचे. बाविसाव्या दिवशी ते उठून बाहेर येऊन बसले. याला कोणी काहीही म्हणो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणून कोणी देव बरं करतच नाही असं म्हटलं की मला ते सहन होत नाही, आणि इथे तसा सूर लागू नये एवढंच म्हणणं आहे. त्या पोराला त्या रात्री जे मिळालं ते सगळं खोटं म्हणून त्याच्या हातातून काढून घेऊ नका. एवढ्या माणसांत कोणी आपल्या डोक्यावर हात ठेवून आपल्यासाठी रडतंय, हे त्याने आठवीपासून कधी अनुभवलं असेल का? गावात फिट येणाऱ्या पोराला लोक काय काय म्हणतात ते मला माहितीये, माझ्या बहिणीच्या पोराला शाळेत शेजारी बसवून घेत नव्हते.

पण हेही खरंच सांगते, मिस्टर बाहेर येऊन बसले त्या रात्री त्यांचे हात असे कापायला लागले, घाम, काहीबाही दिसायला लागलं. आमच्या पाळकसाहेबांनीच रिक्षा बोलावली आणि सरकारी दवाखान्यात नेलं, सहा दिवस सलाईनवर होते. पाळकसाहेब बाकावर बसून प्रार्थना करायचे आणि सिस्टरने चिठ्ठी दिली की औषध आणायला पळायचे. मी साक्ष देते तेव्हा ते सहा दिवसही सांगते. कोणी म्हणालं की ते सांगू नको, साक्ष हलकी होते, तरी सांगते.

साक्ष रद्दच करा असं मी म्हणणार नाही. त्याला विचारा तुला काय मिळालं, आणि तेवढंच तो बोलू दे. पट्टी दाखवायची नाही.

मिरजकर_डॉक्टर

ताई, तुमच्या पाळकसाहेबांना माझा सलाम. दारू एकदम सोडल्यावर जे होतं त्यात माणूस दगावू शकतो, त्यांनी योग्य वेळी रिक्षा बोलावली.

साक्षीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, या शुक्रवारी नकोच. त्या हॉलमध्ये अजून कोणीतरी फिटवाला बसलेला असेल, कोणी इन्सुलिनवाली असेल, कोणी डिप्रेशनच्या गोळ्या लपवून घेत असेल. हा एक शब्द गोळीबद्दल बोलला नाही तरी आधीच सगळ्या ग्रुपला माहितीये की त्याने बंद केल्या होत्या. ते पसरलेलंच आहे. आधी ते निस्तरायचं, मग साक्ष.

विश्वासाचं बोलू म्हटलं होतं. मी रोज ओपीडी सुरू करायच्या आधी स्टाफबरोबर प्रार्थना करतो. मिरजेत मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून या भागातल्या लोकांनी ख्रिस्ताचं नाव बहुतेक असंच ऐकलंय, जखम धुताना. औषध लागू पडतं तेव्हा मी देवाचेच आभार मानतो, अजून कोणाचे मानू?

वसईची_मारिया

आम्ही कॅथलिक, थोडक्यात लिहिते. आमच्या पॅरिशमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थना असते तेव्हा फादर सुरुवातीलाच माईकवर सांगतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी औषध बंद करायचं नाही. दर वेळी सांगतात, आम्हाला पाठ झालंय. आमच्या बायबलमध्ये सिराकचं पुस्तक आहे, त्याच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान ठेव, त्यालाही देवानेच नेमलंय, औषधं देवाने मातीतून उगवली आहेत असं आहे. तुमच्या ग्रुपला एवढी एक घोषणा करायची सवय लावता आली तर बघ. आज रात्री माळेच्या प्रार्थनेत त्याचं नाव न घेता त्याला आठवेन.

सीनाकाठची

सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायचंय पण आधी काय झालं ते सांगते.

परवा गेले तेव्हा तो फोल्डिंगच्या खुर्चीवर बसून शुक्रवारसाठी लिहीत होता. मी काही शिकवलं नाही. पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हटलं मला तुझी माफी मागायची आहे. मग त्या रात्रीचं जे मला दिसलं ते सांगितलं, डोळे, ओठ, रिक्षातला प्रश्न. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ताई, मला माहीत होतं. अंग दुखत होतं दुसऱ्या दिवशी, फिट आल्यावर दुखतं तसंच. पण सगळे एवढे खूश होते.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

त्याने माझ्यासमोरच डॉक्टरला फोन लावला, स्पीकरवर. ते ओरडले नाहीत. कुठली गोळी, किती दिवस, सगळं विचारून घेतलं, त्या रात्री काय झालं तेही विचारलं, त्याच संध्याकाळपासून चालू करायला सांगितली आणि शनिवारी येऊन दाखवून जा म्हणाले. रूममेटला डॉक्टरकाकांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, त्याने ते कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. तो मुलगा मुस्लिम आहे, बीडचा, त्याला सगळं माहीत होतं आणि अकरा दिवस हा रोज रात्री झोपला का बघून मगच झोपत होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आम्ही त्याच्या रूमवर इतक्यांदा गेलो आणि रूममेटशी कधी नीट बोललोच नाही.

लीडर दादाला काल पुन्हा भेटले. मत्तय ४:२४ आणि लूक १७ दोन्ही काढून ठेवले होते. तो वाद घालत होता, घालत होता, मग रिक्षातल्या प्रश्नाचं सांगितलं तेव्हा गप्प झाला. पोस्टर बदललंय. शुक्रवारी साक्ष नाही, तो फक्त गाणार आहे, टिळकांचा अभंग, त्यानेच निवडलाय. सुरुवातीला मी दोन मिनिटं बोलणार आहे, औषधाबद्दल, मारियाताईंच्या फादरसारखं. आमच्यातले तिघं-चौघं माझ्याशी बोलत नाहीयेत. वक्त्यांना कोण कळवणार हे अजून ठरलेलं नाही, बहुतेक मीच पत्र लिहीन.

घरचं तो स्वतः सांगणार आहे, शनिवारी डॉक्टरकडून तसाच गावी जातोय, रूममेट बरोबर आहे. सगळं सांगणार का विचारलं तर म्हणाला गोळीचं आईला आधी, बाकीचं बाबांना हळूहळू. अक्षयदादा, तुमच्या आईंचं डाळिंबाचं मी त्याला वाचून दाखवलं.

डॉक्टरकाका, एक विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात सबमिशन आहेत, सगळेच रात्र रात्र जागतात. त्याने किती वाजेपर्यंत जागलं तर चालेल?

मिरजकर_डॉक्टर

अकरा. त्यापुढे नाही, एक रात्रही नाही. रूममेटला सांग लाईट बंद करायला. फाईल उरली तर तुम्ही वीस-बावीस जण आहात, वाटून घ्या आणि जी त्याने स्वतःच लिहायची ती पहाटे पाचला उठून लिहू दे. संध्याकाळची गोळी जेवणाबरोबर, फोनला अलार्म लावून. शनिवारी डॉक्टर काय म्हणाले ते कळव.